सरळ कापलेली तोटी

आधी ती ओळ लिहून टाकते. चाकावर ओढलेल्या तोटीचं तोंड किंचित वाकडंच कापायचं असतं, आणि हे माझ्या आत्याला चांगलं माहीत होतं. झालं, लिहिलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आत्यानं मला हे लिहायला सांगितलं त्याला अकरा वर्षं झाली, आणि तिला जाऊन दोन.

आता किटलीच्या तोटीचं एवढं काय घेऊन बसलीस, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी त्याच तोटीवर नाव कमावलंय.

आमच्या गल्लीच्या टोकाला चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना होता. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांच्या कठड्यांवर कायम पांढरी धूळ असायची. सकाळी पुसली तरी दुपारी पुन्हा हजर. बाबा त्या कारखान्यात कारकून होते. कुठल्या टेबलावर काय काम करायचं त्याच्या चिठ्ठ्या लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. आत्या, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, तिथेच आत कामाला होती. ती आमच्याचकडे राहायची, स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत. त्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. आईला साखरेचा डबा लागला तरी ती पडदा सारून आत जायची, कारण डबे ठेवायचं फडताळ तिथेच होतं. आत्या कपडे बदलत असली की आतून "थांब गं, वहिनी" असा आवाज यायचा, आणि आई तोपर्यंत डबा घेऊन बाहेरसुद्धा आलेली असायची.

मला कळायला लागलं तेव्हापासून आत्या कारखान्यात कपांना कान लावायची. नुसते कान. दिवसाला किती कान लावले असतील ते तिनं कधी सांगितलं नाही, पण संध्याकाळी जेवताना तिचा अंगठा आणि पहिलं बोट मिटायचं नाही, अर्धवट उघडं राहायचं. "सगळ्या गावाला कान लावून देते," ती म्हणायची, "पण ऐकतंय कोण?" यावर बाबा हसायचे नाहीत. बाकी आम्ही सगळे हसायचो.

घरात एक किटली होती. पांढरी, पोट छान गोल, झाकणावर छोटी बोंडी, आणि तोटी वाकडी. तोटी पोटातून सरळ निघायची, पण तिचं तोंड डाव्या अंगाला पिळलेलं होतं. कुणाशी तरी बोलणं बंद करून मान फिरवून बसावं तसं. सुट्टीच्या दिवशी चार वाजता आणि एरवी कामावरून आल्यावर आत्या त्या किटलीतून सगळ्यांना चहा ओतायची. आधी बाबांना. त्यांच्या कपात धार पडायची आणि तिच्याबरोबर चार-पाच थेंब बाहेर, टेबलक्लॉथवर. रोज. टेबलक्लॉथ कितीही धुतला तरी बाबांच्या जागेपुढे तळहाताएवढा तपकिरी डाग कायम होता. टेबलक्लॉथ बदलला की महिन्याभरात नवा डाग, त्याच जागी.

आई चिडायची. "कारखान्यात दोघं दोघं कामाला, आणि घरात ही गळकी किटली! लोक काय म्हणतील?" एकदा तिनं दुकानातून नवी आणली, निळ्या फुलांची. आत्यानं ती धुऊन, पुसून फडताळात सगळ्यात वर ठेवली आणि चार वाजता वाकडी काढली. आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "असू दे."

एवढंच म्हणाले, आणि बशी पुढे ओढून चहा प्यायले.

लहान मुलांना नको ते बरोबर दिसतं. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा पाहुणे आले होते. आत्यानं त्याच किटलीतून सहा कप भरले आणि एक थेंब सांडला नाही. मनगट जरासं उजवीकडे वळवून ती ओतायची, धार कशी सुतासारखी पडायची. मी मोठ्यानं म्हणाले, "आत्या, पाहुण्यांना ओतताना सांडत नाही, मग बाबांनाच ओतताना कसं सांडतं?" आईनं टेबलाखालून मला चिमटा काढला. आत्या म्हणाली, "मोठी चौकस आहे पोरगी." बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर कारखान्याची भिंत होती.

पुढे मी लिहायला लागले. लेखकाला घरातलं काही फुकट गेलेलं बघवत नाही. चौतिसाव्या वर्षी मी ती किटली, तो डाग आणि ते "असू दे" उचललं आणि एक कथा लिहिली. कथेत एक भाऊ आणि एक बहीण. बहीण कारखान्यात नवी नवी लागते. नवशिक्या हातानं तिच्याकडून तोटी वाकडी लागते, सगळे हसतात. ती रडवेली होऊन ती किटली घरी आणते. भाऊ म्हणतो, आजपासून मी हिच्यातूनच चहा पिणार. आणि जन्मभर पितो. बायकोनं नवी किटली आणली तरी वाकडीच धरून ठेवतो. बहिणीचा हात त्याच्या कपावर ओतताना मायेनं थरथरतो आणि चार थेंब सांडतात.

हो, मी असं लिहिलं. मायेनं थरथरतो.

एका मासिकाच्या स्पर्धेत कथेला पहिलं बक्षीस मिळालं. अंक घरी आला तेव्हा बाबांनी तो टेबलाशी बसून मोठ्यानं वाचला. तोवर ते निवृत्त झाले होते, आत्याही झाली होती. शेवटाकडे बाबांचा आवाज भरून आला. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. आईनंही पुसले. आत्या गाळणी हातात घेऊन उभी होती. वाचून झाल्यावर तिनं चहा गाळला, किटलीत भरला, बाबांच्या कपात ओतला, चार थेंब सांडले, आणि ती आपल्या खोलीत गेली. भारावून गेली असेल असं मला वाटलं. लेखकांना काहीही वाटू शकतं.

चार दिवसांनी मी एकटी असल्याचं पाहून तिनं मला आत बोलावलं. पलंगावर अंक उघडा होता आणि "नवशिक्या हातानं" या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ होती.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही गं. कथा आहे ती. बनवलेली."

"मग किटली का नाही बनवलीस? ती तर माझीच घेतलीस."

तिनं मला बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. तिचा आवाज एकदाही चढला नाही, त्यामुळे ऐकायला जास्त जड गेलं.

ती अठराव्या वर्षी कारखान्यात लागली ती तोटीच्या टेबलावर. आमच्या कारखान्यात किटलीची तोटी साच्यात पाडत नसत, चाकावर ओढत. जरा सुकली की दोन्ही टोकं कापायची आणि पातळ कालवलेल्या मातीनं पोटाला चिकटवायची. आता, चाकावर फिरलेली माती भट्टीत तापली की फिरलेल्या दिशेनं आणखी थोडी पिळते. म्हणून तोटीचं तोंड कापताना ते उलट्या अंगाला कलतं कापायचं, नखभर. कच्ची किटली वाकडी दिसते, भाजून आली की सरळ होते. हे नखभर किती ते कुठे लिहिलेलं नसतं. माती किती ओली, तोटी किती लांब, भट्टीत कुठल्या फळीवर ठेवणार, त्यावर ठरतं. टेबलावर सहा बायका होत्या. पंधरा वर्षांत आत्याचा हात असा बसला की बाकीच्या पाचजणी कापायच्या आधी तिला विचारायच्या.

तोटीच्या टेबलाची मुकादमीण वयानं थकली होती. तिच्यानंतर आत्याच, हे ठरल्यातच जमा होतं. मुकादमिणीला कारखान्याच्या चाळीत खोली मिळायची. एक खोली, दोन खिडक्या, स्वतःची चूल आणि आतून कडी लागेल असं दार. आत्यानं जाऊन खिडक्यांचं माप घेतलं होतं. पडद्याचं कापडही आणलं होतं, पिवळं, बारीक चौकड्यांचं.

ते पिवळे पडदे मला माहीत होते. माझं सगळं लहानपण ते आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला होते. एका खिडकीचे दोन्ही पडदे इतके आखूड का, असं मला नेहमी वाटायचं.

तर त्याच सुमाराला नवा फोरमन आला. तो जिथून आला त्या कारखान्यात सगळ्या तोट्या साच्यातल्या. त्याच्या खिशात काटकोन तपासायचा गुण्या असायचा, सुताराकडे असतो तसा. पहिल्याच आठवड्यात त्यानं एका मोठ्या हॉटेलच्या मागणीच्या कच्च्या किटल्यांना गुण्या लावून पाहिला आणि ओरडला, "सगळ्या तोट्या वाकड्या!"

"साहेब, भट्टीतून आली की सरळ होते ती," आत्या म्हणाली.

"भट्टी म्हणजे काय इस्त्री आहे?"

आजूबाजूचे हसले. आत्यानं सांगून पाहिलं की साच्यातली तोटी वेगळी, चाकावरची वेगळी. फोरमन म्हणाला, "मला शिकवू नका. उद्यापासून गुण्याला लावून सरळ कापा. आठशे किटल्या आहेत."

आत्या नाही म्हणू शकली असती. पण नाही म्हटलं की मुकादमकी गेली. आणि हो म्हटलं तर आठशे किटल्या वाकड्या होणार हे तिला दिसत होतं. मग तिनं मधला रस्ता काढला. म्हणाली, "लेखी द्या." फोरमन तावातावानं चिठ्ठ्या लिहिणाऱ्या कारकुनाला घेऊन आला. तो कारकून म्हणजे माझे बाबा. टेबलाशी उभं राहून त्यांनी लिहून घेतलं: तोट्यांची तोंडं सरळ कापावीत. खाली फोरमनची सही. चिठ्ठी बाबांच्या खणात गेली.

"चिठ्ठी दादाकडे आहे म्हटल्यावर मी निर्धास्त झाले," आत्या म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडे असती ना, तर मी नक्कल करून घेतली असती."

आठशे किटल्या सरळ कापल्या. भट्टी उघडली तेव्हा आठशेच्या आठशे तोट्या मान मुरडून बसल्या होत्या. मॅनेजरच्या खोलीत सगळ्यांना उभं केलं. फोरमननं कानांवर हात ठेवले. म्हणाला, बाईनं चुका केल्या, आता माझ्यावर ढकलतेय. आत्या म्हणाली, चिठ्ठी आहे, दादाला विचारा. मॅनेजरनं बाबांकडे वळून विचारलं, अशी चिठ्ठी तुम्ही लिहिली होती का?

बाबा म्हणाले, "मला आठवत नाही."

खापर आत्याच्या डोक्यावर फुटलं. मुकादमकी गेली, तोटीचं टेबलही गेलं. तिला कपांच्या कानाकडे बसवलं, नव्या पोरींच्या रांगेत. त्याच वर्षी बाबांना खिडकीजवळचं टेबल मिळालं. आठशे किटल्या मागच्या खड्ड्यात फोडल्या, तिथून आत्यानं एक उचलली. संध्याकाळी तिच्यात चहा भरून तिनं ती बाबांपुढे ठेवली.

"वहिनीला कळलं नाही. तू चार वर्षांची. त्याला कळलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा मुद्दाम सांडला. म्हटलं, आज तरी बोलेल. म्हणेल, चुकलो. नाहीतर निदान, ही फेकून दे म्हणेल. तो म्हणाला, असू दे." तिनं अंकाचं दुमडलेलं पान सरळ केलं. "तीस वर्षं रोज विचारतेय मी त्याला. रोज."

मी म्हणाले, "पण आत्या, तू सरळ भांडली का नाहीस?"

"कुठे राहून?"

मी दाराच्या जागी लोंबणाऱ्या पडद्याकडे पाहिलं.

"इतके दिवस मला त्याचंच दुःख होतं," ती म्हणाली. "बाकी कुणाचं नव्हतं. टेबलावरच्या पाचजणींना खरं माहीत होतं. त्यांनीही आपल्या हातांनी सरळ कापल्या होत्या ना. रस्त्यात भेटल्या की मान द्यायच्या. काल त्यांच्यातली एक भेटली. म्हणाली, भाचीनंच लिहिलंय की तुझा हात चुकला होता. तुम्हीच इतकी वर्षं तिची बाजू घेत बसलात, असं तिची सून तिला हसून म्हणते." तिनं अंक मिटला. "दोन ओळी लिही. कुठेही लिही. तोंड वाकडंच कापायचं असतं आणि हिला ते माहीत होतं. दादाचं नाव नको घालू. भाऊ होता हेही नको लिहू. माझ्या हाताचं तेवढं लिही."

मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले.

त्याच दिवशी मी बाबांना विचारलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. मी विचारलं, आत्याच्या त्या चिठ्ठीचं काय झालं होतं? त्यांनी पान उलटलं. "मला आठवत नाही," ते म्हणाले. मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, "कथा छान लिहिलीस तू. आहे तशीच राहू दे."

आणि मी राहू दिली. कारणं भरपूर होती, ती मला कधी कमी पडली नाहीत. बाबा थकलेत, आता कशाला. बाबा गेल्यावर, आईला धक्का बसेल. मग कथासंग्रह निघाला, मुखपृष्ठावर वाकड्या तोटीची किटली. माझ्या वाचकांनी तिची चित्रं काढून पाठवली, शाळेतल्या मुलांनी पत्रं लिहिली की आम्हालाही तुमच्या कथेतल्यासारखा भाऊ हवा. आत्या दर भेटीत एकदाच विचारायची, "लिहिलंस?" मी म्हणायची, लिहिते गं. बाबांना ती रोज विचारत होती, मला महिन्यातून एकदा. हा फरक मला तेव्हा समाधानाचा वाटायचा.

दुसरी आवृत्ती निघायची ठरली तेव्हा मी प्रकाशकाला म्हणाले, एक वाक्य बदलायचंय. "नवशिक्या हातानं" हे काढून तिथे, तिला सांगितलं तशी तिनं तोटी सरळ कापली म्हणून ती वाकडी झाली, असं करायचंय. प्रकाशक कळवळून म्हणाला, "अहो, त्या चुकीवर तर सगळी कथा उभी आहे. ती चूक काढली तर भाऊ कसला मोठा?" खरंच होतं ते. ती चूक काढली तर भाऊ मोठा राहत नव्हता. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, बरं, असू दे.

तोंडातून शब्द गेल्यावर मला कळलं मी कुणासारखी बोलले ते.

नवी आवृत्ती घेऊन मी आत्याकडे गेले. त्या घरात आता ती आणि आई दोघीच होत्या. आई झोपली होती. चार वाजले होते. आत्यानं पुस्तक हातात घेतलं, मुखपृष्ठ पाहिलं नाही, सरळ ते पान काढलं. बोट ओळीवरून नेलं. कान लावून लावून अर्धवट उघडं राहिलेलं ते बोट "नवशिक्या" पाशी थांबलं. तिनं पुस्तक मिटून फडताळावर ठेवलं, निळ्या फुलांच्या किटलीशेजारी.

"लिहिलंस?" असं तिनं विचारलं नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही.

तिनं चहा केला. मी सवयीनं रिकामी खुर्ची ओढून बसले, आणि बसल्यावर लक्षात आलं की ती बाबांची होती. टेबलक्लॉथ नवा होता, पांढरा. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्या जागेपुढे डाग नव्हता. आत्या वाकडी किटली घेऊन माझ्या कपाशी आली. आजवर मला ओतताना तिच्या हातून कधी थेंब सांडला नव्हता. मी तिच्या मनगटाकडे बघत होते. ते उजवीकडे वळलं नाही.

धार कपात पडली, आणि चार थेंब माझ्यापुढे, पांढऱ्या कापडावर.

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं. चुकलं, आजच लिहिते, आत्ता कागद दे, काहीही. ती किटली धरून उभी होती, मला भरपूर वेळ देत होती. मी खिडकीकडे पाहिलं. समोर कारखान्याची भिंत होती. मग मी बशी पुढे ओढली आणि चहा प्यायले.